बूट घ्यायला येताना माती आणा

ऑफसाइड म्हणजे काय, ते मला अजून नीट कळलेलं नाही. पुष्कळांनी समजावून सांगितलं. काहींनी तर काउंटरवर पेपरवेट, स्टेपलर आणि माझा चष्म्याचा डबा मांडून दाखवलं. ते मांडलेलं असेपर्यंत सगळं कळतं, चष्मा डोळ्यावर चढला की विसरायला होतं. तरीही आगाशीपासून नायगावपर्यंत फुटबॉल खेळणाऱ्या किती पायांत मी बूट घातले याची गणती नाही. ज्यांना याचं नवल वाटेल त्यांनी कधीतरी बूट उलटा करून बघावा. त्याचा तळ सगळा वेळ जमिनीत रुतत असतो, आणि जमीन मला कळते. मी वटारच्या वाडीतली मुलगी. केळी, पानवेल आणि मोगरा यांच्यात वाढले. माती मुठीत दाबून पाणी द्यायचं की नाही हे ठरवायला वडलांनी मला शाळेत घालायच्या आधी शिकवलं होतं.

यांची मुंबईतली कंपनी बंद पडली तेव्हा यांनी पारनाक्याजवळ खेळाच्या सामानाचं दुकान काढलं. हे मूळचे रत्नागिरीकडचे आणि हाडाचे क्रिकेटवाले. बॅट कानाशी नेऊन टकटक करायची, तिचा आवाज ऐकायचा, मग गिऱ्हाइकाकडे असं बघायचं की जणू मुलीचं स्थळच दाखवतोय. मी दुपारची बसायचे, कारण यांना जेवणानंतर झोप लागे. फुटबॉलवाली पोरं नेमकी दुपारी यायची. असे न बोलता दुकानाचे दोन भाग झाले. क्रिकेट आणि कॅरम यांच्याकडे, फुटबॉल माझ्याकडे. फुटबॉल हा खेळ नसून धावण्याची शिक्षा आहे असं यांचं मत होतं आणि हे ते गिऱ्हाइकांसमोरही सांगत.

सुरुवातीला मी चपला विकाव्यात तसे बूट विकत असे. नंबर विचारायचा, खोकं काढायचं, अंगठा दाबून बघायचा. मग एकदा खाडीकडच्या गावातला एक तरुण तणतणत आला. नवे बूट घसरतात, फसवलंत, असं म्हणाला. मी बूट उलटा केला. तळाला जे खिळ्यासारखे उंचवटे असतात, ज्यांना स्टड म्हणतात, त्यांच्यामधे काळी माती घट्ट बसून वाळली होती. मी नखाने कपची काढली, बोटात चुरली आणि सवयीने जिभेला लावली. चक्क खारट. आमच्याकडे वाडीत खारं पाणी शिरलंय का ते असंच बघतात. त्या बिचाऱ्याला हे माहीत नव्हतं. त्याचा राग तिथेच संपला आणि तो काळजीने माझ्याकडे बघायला लागला.

मी त्याला विचारलं, मिठागराच्या कडेला खेळता का. तो हो म्हणाला. ती माती वाळली की फरशी आणि ओली झाली की लोणी. तिच्यासाठी मी त्याला दिलेले बारीक, दाट स्टडचे बूट म्हणजे शुद्ध चूक होती. मी बूट बदलून दिले. तो गेल्यावर पाटीवर खडूने लिहिलं, ‘फुटबॉलचे बूट घ्यायला येताना आपल्या मैदानाची माती आणा.’ झोपेतून उठून आल्यावर यांनी पाटी वाचली आणि मला शांतपणे विचारलं की आपण बूट विकतो का रोपं.

लोक हसले, पण माती आणू लागले. कागदाच्या पुडीत, पिशवीत, बिस्किटाच्या रिकाम्या पुड्यात. मी ती मुठीत दाबायची. लाडू झाला आणि बोट लावताच फुटला तर एक प्रकारचा बूट, लाडू फुटलाच नाही तर दुसरा, लाडू झालाच नाही तर तिसरा. काउंटरखाली मातीने भरलेलं एक घमेलं मी कायमचं ठेवलं होतं. त्यात पाणी घालून मी हवं तसं मैदान तयार करी. हे त्या घमेल्यावर पाय आपटून पुष्कळदा पडायच्या बेतात आले, आणि दर वेळी त्यांनी फुटबॉललाच दोष दिला.

पुढे दोन हजार सालाच्या आगेमागे ब्लेड आले. तोवर स्टड म्हणजे गोल, शंकूसारखा, खाली निमुळता. ब्लेड म्हणजे लांबट, चपटा, पात्यासारखा. टीव्हीवरचे मोठे खेळाडू तेच घालत, त्यामुळे पोरं दुकानात शिरतानाच ‘ताई, ब्लेड दाखवा’ म्हणत. ब्लेड वाईट असतं असं मी कधी म्हटलं नाही. घट्ट, गवताळ जमिनीवर सरळ पळणाऱ्या पोराला ते जसं पकड देतं तसं गोल स्टड देत नाही. पण आपल्याकडे गवताळ मैदान कुठलं? भात कापलेल्या शेतात खेळायचं, नाहीतर मिठागराच्या कडेला, नाहीतर चर्चच्या मागे. आणि आपल्याकडची पोरं सरळ पळतात कुठे?

फरक समजवायला माझी एक पद्धत होती. घमेल्यात एकीकडे खुरपं रोवायचं आणि दुसरीकडे काठीचा तुकडा. मग गिऱ्हाइकाला म्हणायचं, दोन्ही जागच्या जागी फिरवून दाखवा. काठी भोकातल्या भोकात गरकन फिरते. खुरपं फिरत नाही, त्याच्याऐवजी मनगट पिळवटतं. गोल स्टड म्हणजे ती काठी आणि ब्लेड म्हणजे ते खुरपं. पाय रोवून अंग वळवलंत तर काठीबरोबर पाय वळेल. खुरपं असेल तर पाय तिथेच राहील आणि मधे जे असतं ते वळेल, आणि मधे गुडघा असतो. एवढं सांगून मी दोन्ही जोड पुढ्यात ठेवत असे. अर्धे गोल घेत, अर्धे तरीही ब्लेडच घेत. वय पंचविशीच्या आत असेल तर गुडघा ही दुसऱ्याची वस्तू वाटते.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. मुलींच्या संघासाठी बूट घ्यायला कॉन्व्हेंट शाळेतल्या एक तरुण सिस्टर आल्या. त्यांनी माझी पाटी इतकी मनावर घेतली होती की गोलपोस्टजवळची, मधली आणि चारही कोपऱ्यांतली माती वेगवेगळ्या पुड्यांत आणली, वर नावं घालून. मी गंभीरपणे सगळ्या पुड्या तपासल्या. सगळ्यांत एकच माती होती. पण ते सांगायचा धीर झाला नाही, म्हणून गोलकीपर मुलीला मी उगाच वेगळ्या लेसचे बूट दिले. राजोडीची पोरं आली ती किनाऱ्यावरची वाळू घेऊन. मी म्हटलं, वाळूत अनवाणी खेळा, देवाने दिलेली बोटं त्यासाठीच आहेत. त्यांनी मान्य केलं, आणि तरीही बूट घेतले. एका लग्नात घालायचे होते म्हणे, वरातीत नाचताना आवाज छान येतो. चंदनसारला नवा फ्लॅट घेतलेले एक गृहस्थ आले, साताऱ्याकडचे. त्यांना मुलासाठी असा बूट हवा होता जो पीटीला, क्रिकेटला, फुटबॉलला आणि स्नेहसंमेलनात मावळ्याच्या भूमिकेला चालेल, आणि तोही दोन नंबर मोठा. माती आणलीत का विचारलं तर म्हणाले, आमच्याकडे अजून माती नाहीये, सगळी रेती आणि खडीच आहे. मला फार हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं.

आता ते दुकान नाही. हे गेल्यावर मी एकटीने काही वर्षं चालवलं, मग मुलांनी बंद करायला लावलं. तोवर जागोजागी हिरवी प्लास्टिकची मैदानं झाली होती. त्यांची माती कोण आणणार? पोरं आता फोनवर बूट मागवतात आणि घरपोच येतात. मला त्याचा राग नाही, पण दुपारी दोनच्या सुमारास अजून हात मोकळे वाटतात. सारखं काहीतरी मुठीत दाबावंसं वाटतं. अशा वेळी ज्या बुटांची मला हटकून आठवण येते ते मनवेलभाऊंचे.

मनवेलभाऊ खाडीलगतच्या एका गावातले. थोडी भातशेती, आणि उरलेला वेळ मिठागरावर मुकादमी. माणूस आडवा, मजबूत आणि कमालीचा हसरा. त्यांच्या गावात एक चाल होती. गावच्या चर्चच्या वार्षिक सणानंतरच्या रविवारी कापलेल्या भातशेतात फुटबॉलचा सामना व्हायचा, लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे. वयाची अट नाही, अट फक्त लग्नाची. त्या वर्षी ज्याचं लग्न झालं असेल त्या नव्या नवऱ्याला बिनलग्नाची पोरं खांद्यावर घेत, मधल्या रेघेपर्यंत वाजतगाजत नेत आणि पलीकडच्यांच्या ताब्यात देत. काल ज्यांच्याबरोबर खेळला त्यांच्याविरुद्ध आज खेळायचं. जेवण लग्नवाल्यांकडे, कारण घरी रांधणारं माणूस त्यांच्याकडेच, असा त्यामागचा हिशेब.

मनवेलभाऊ वर्षानुवर्षं लग्नवाल्यांच्या बाजूने मागे उभे राहून अडवायचं काम करत. त्यांचा मुलगा नेल्सन हा बिनलग्नाच्यांचा पुढचा गडी, हरणासारखा. त्यामुळे दर वर्षी बापलेक समोरासमोर. नेल्सन बापाला चुकवून गोल करायचा आणि बाप त्याला चिखलात लोळवायचा. सबंध गाव हे बघायला जमायचं. दोघांचे बूट मीच द्यायची. नेल्सनने माझी खुरप्याची गोष्ट ऐकून घेतली, हसला आणि ब्लेड घेतले. त्याच्या वयाला ते चालून गेले.

एका वर्षी मनवेलभाऊंचे बूट सामन्याआधी फाटले. माझ्याकडे यायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी नेल्सनचेच जुने ब्लेड पायात चढवले. नेल्सन समोरून आला, भाऊंनी उजवा पाय रोवला आणि अंग वळवलं. पाय वळला नाही. गुडघ्यातली दोरी तुटल्याचा आवाज बांधावर ऐकू आला असं लोक सांगतात. पुढे ऑपरेशन झालं, बरेच महिने काठी आली. डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली, खेळायचं नाव काढायचं नाही असं सांगितलं. सगळ्यात जास्त खचला तो नेल्सन. बूट त्याचे होते ना.

मग नेल्सनचं लग्न ठरलं, तारीख नाताळानंतरची. त्याच सुमारास त्याला कुवेतला नोकरी लागली. म्हणजे लग्न, मग सणाचा सामना, आणि मग लगेच विमान. हे सगळं मला कळलं ते वेरोनिकाबायकडून, म्हणजे मनवेलभाऊंच्या बायकोकडून. त्या एरवी दुकानात यायच्या नाहीत. त्या दिवशी बाजाराच्या पिशव्यांसकट आत आल्या, बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

“मनवेल येनार तुझ्याकडं. बूट मागनार,” त्या म्हणाल्या. “देऊ नको. त्याला संडासला न्यायला मी होती, डॉक्टर नव्हता.”

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्या पिशव्या उचलून गेल्या. त्यांचं बरोबरच होतं, आणि मला वाटलं की मनवेलभाऊंनाही ते कळत असेल.

दुसऱ्याच दुपारी मनवेलभाऊ दारात. रुमालाला गाठ मारून माती आणलेली. किंचित लंगडत आले, लंगडणं लपवायला वाटेत शटलकॉकचे डबे बघत उभे राहिल्यासारखं केलं. मी त्यांना सांगितलं की तुमचा नंबर संपलाय. त्यांनी माझ्या डोक्यावरच्या फळीकडे बघितलं. तिथे त्यांच्या नंबरची खोकी ओळीने होती, आकडे बाहेर करून. मग ते स्टुलावर बसले आणि रुमालाची गाठ सोडायला लागले.

“बाय, पोरगा पायावर उभा राहिला तवापासून मी त्याला अडवतो,” ते म्हणाले. “यंदा तो माझ्या बाजूला येनार. एकदा त्याला बॉल देयाचाय. मग गुडघा गेला तरी चालल.”

गुडघा जाऊन चालणार नाही, असं मी जरा जोरातच म्हटलं. मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. नेल्सनला काही माहीत नाही, तो बापाला खेळू देणार नाही. पण घरात माळ्यावर त्याचे ते जुने ब्लेड अजून आहेत. मी बूट दिले नाहीत तर ते घालून मनवेलभाऊ मैदानात उतरणार होते. धमकी द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. जे करणार ते त्यांनी सांगितलं.

आता मी काय करावं? वेरोनिकाबायचा शब्द राखायचा तर त्यांचा नवरा खुरपी बांधून शेतात उतरणार. मी रुमालातलं ढेकूळ घेतलं. ते इतकं कोरडं होतं की काउंटरवर आपटावं लागलं. वीट फुटावी तसं फुटलं. अशा जमिनीला आखूड, गोल स्टड. मी आट्यांचे स्टड असलेला जोड काढला. यात स्टड चावीने काढता-घालता येतात, आखूड किंवा लांब, मैदान बघून. घमेल्यातली माती ठोकून कडक केली, मनवेलभाऊंना त्यात उभं केलं आणि उजव्या पायावर वळायला सांगितलं. पाय भोकातल्या भोकात वळला. पुन्हा वळा म्हटलं. पुन्हा वळला. ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्या गुडघ्याकडे.

जोड घेऊन ते मिठागराकडे गेले, तसं दुकान यांच्या झोपेवर सोडून मी रिक्षा केली आणि थेट मनवेलभाऊंच्या घरी गेले. हे काम चोरून करायचं नव्हतं. वेरोनिकाबाय ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. माळ्यावरच्या बुटांचं सांगितलं, गोल स्टडचं सांगितलं, खुरप्याचं आणि काठीचंही सांगितलं. त्या सोलत राहिल्या. टरफलं एकीकडे, दाणे एकीकडे. नेल्सन घरात नव्हता म्हणून बरं. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, “तू पन त्याच्याच बाजूची.”

त्या घरातून चहा घेतल्याशिवाय कोणी बाहेर पडलं असेल असं मला वाटत नाही. मी पडले. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. मी काही चूक केली असं मला वाटत नव्हतं, पण त्या बाईला एकटं पाडून आले असं मात्र वाटत होतं.

लग्न थाटात झालं. सामन्याच्या दिवशी सकाळी वटारहून माझा भाऊ जयवंत याचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. ज्या शेतात सामना होता ते त्याच्या मित्राचं. नवरीकडची माणसं वांद्र्याहून चांगल्या कपड्यांत येणार, धूळ उडायला नको, म्हणून याने आपला पंप नेऊन आदल्या संध्याकाळी सगळ्या शेताला पाणी सोडलं होतं. “ताय, मैदान कसं गार झालंय बघ येऊन,” तो म्हणाला.

वाडीतल्या माणसाला कोरडी जमीन बघवत नाही, हा आमचा आजार आहे. जगात दुसरीकडे कुठे फुटबॉलच्या मैदानाला केळीसारखं पाणी पाजत असतील असं वाटत नाही. मी कोरड्या ढेकळावरून आखूड स्टड दिले होते, आणि माझ्या सख्ख्या भावाने त्या ढेकळाचं लोणी करून ठेवलं होतं. आखूड स्टड त्यात पकडणारच नाहीत, माणूस साबणावरून जावा तसा जाणार. मी सगळ्या लांबीचे स्टड आणि चावी पर्समधे कोंबली. हे म्हणाले, मी पण येतो. फुटबॉलच्या सामन्याला हे आयुष्यात पहिल्यांदा आले, आणि बसायला घडीचं स्टूल घेऊन आले.

मैदानात मी आधी बोट खुपसलं. वरचं एक पेरभर चिकण, त्याखाली अजून तसंच टणक. फार लांब स्टड घातले तर खालच्या टणक भागावर टेकून पाय डगमगणार, आखूड घातले तर घसरणार. मधल्या लांबीचे हवेत. बांधावर बसून मी मनवेलभाऊंच्या बुटांचे स्टड बदलायला घेतले. यांनी स्टुलावर बसून एकेक स्टड माझ्या हातात दिला. मनवेलभाऊ पायमोज्यांवर उभे होते. नेल्सनला आताच कळलं होतं की बाप खेळणार आहे. तो लांब उभा होता, चेहरा उतरलेला. त्याच्या नव्या नवरीने त्याला काहीतरी सांगितलं, मग तो आला, खाली बसला आणि बापाच्या बुटांच्या लेस त्याने स्वतः बांधल्या. वेरोनिकाबाय मैदानाच्या रेघेवर हात बांधून उभ्या होत्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

मग नेल्सनला पोरांनी खांद्यावर घेतलं, बँडवाल्यांनी वाजवलं आणि मधल्या रेघेवर मनवेलभाऊंनी त्याला उतरवून घेतलं. सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात लोक हसून हसून बेजार झाले. बिनलग्नाच्या झाडून सगळ्या पोरांच्या पायांत ब्लेड. चिकण माती पात्यांच्या मधे भरली आणि प्रत्येकाच्या बुटाखाली मातीची एकेक वहाण तयार झाली. ती पोरं बदकांसारखी चालत होती आणि दर दोन मिनिटांनी काडीने तळ कोरत होती. लग्नवाल्यांकडे जुने, स्वस्त, गोल स्टडचे बूट, त्यातून माती आपोआप गळून पडत होती. पोटं सुटलेली माणसं राजासारखी फिरत होती. हे स्टुलावरून उठून उभे राहिले. यांना काही कळत नव्हतं, पण टाळ्या वाजवत होते.

मला मात्र हसू येत नव्हतं. माझं लक्ष एका उजव्या पायावर होतं.

मध्यंतरानंतर एक उंच पोरगा चेंडू घेऊन मनवेलभाऊंच्या अंगावर आला. भाऊंनी उजवा पाय रोवला. पोराने हूल दिली, भाऊंचं अंग वळलं. तसंच, जसं त्या वर्षी वळलं होतं. मी डोळे मिटणार होते पण मिटले नाहीत. बूट भोकातल्या भोकात फिरला आणि मनवेलभाऊ अख्खेच्या अख्खे वळून धपकन बसले. वेरोनिकाबायचा एक पाय रेघेच्या आत पडला होता. नेल्सन धावत निघाला होता.

मनवेलभाऊ बसल्या जागी दोन्ही हातांनी गुडघा चाचपत होते. मग त्यांच्या लक्षात आलं की तो पोरगा घसरून पुढे गेलाय आणि चेंडू त्यांच्याच पायापाशी आहे. ते उठले. नेल्सनला हाताने पुढे, गोलकडे जायची खूण केली. नेल्सन थबकला, वळला आणि पळाला. आणि बापाने त्याला तो चेंडू दिला, लांब, उंच, अगदी त्याच्या पुढ्यात पडेल असा. समोर नुसता गोलकीपर, तोही मातीच्या वहाणा घातलेला. नेल्सनने जीव खाऊन लाथ मारली आणि चेंडू गोलच्या वरून, बांधापलीकडे, शेजारच्या केळीत गेला.

एवढा हशा त्या गावाने कधी ऐकला नसेल. मनवेलभाऊ शेतातच आडवे होऊन हसत होते, मग बाहेर आले आणि म्हणाले, माझं झालं. सामना कोणी जिंकला ते मला आठवत नाही. सगळे जेवायला गेल्यावर मी त्या जागी जाऊन बघितलं. जिथे पाय रोवला होता तिथे गोल भोकं होती आणि त्यांच्या कडेने माती गरकन घासली गेली होती. मी तिथे बराच वेळ उभी होते. इतकी वर्षं बूट विकले, पण विकलेला बूट नेमका काय करतो ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं, आणि मला फार आनंद झाला.

वेरोनिकाबाय जेवणावळीत वाढत होत्या. माझ्या पानापाशी आल्या, वाढलं आणि पुढे गेल्या.

नेल्सन गेल्यानंतर काही दिवसांनी, अशाच एका दुपारी, त्या दुकानात आल्या. हातात डबा, त्यात घरचे फुगे, म्हणजे सणासुदीला तळतात ते गोल पाव. डबा काउंटरवर ठेवून बसल्या. घर खायला उठतं म्हणाल्या. नेल्सनचा फोन आला होता, तिकडे म्हणे सगळी वाळूच आहे. मनवेल रोज त्या केळीत गेलेल्या चेंडूची गोष्ट कोणाला ना कोणाला सांगतो म्हणाल्या, आणि दर वेळी केळी थोडी लांब जाते. मी हसले, त्याही हसल्या. यांच्या घोरण्याचा आवाज आतून येत होता.

उठता उठता त्यांनी विचारलं, “ते बूट धुतलं मी. सगळी माती काढली. उनात सुकवू का सावलीत?”

“सावलीत,” मी म्हटलं, “आणि आत कागद कोंबा. उन्हात तळ सुटतो, मग पुढच्या सणाला घालता यायचे नाहीत.”

बोलून गेले आणि जीभ चावली. पुढच्या सणाचं नाव मी या बाईसमोर काढायला नको होतं.

वेरोनिकाबायनी मी रिकामा करून दिलेला डबा पिशवीत टाकला, पदर सारखा केला आणि पायरी उतरताना म्हणाल्या, “म्हनून तर इचारते.”